का की कू के को आणि लेस्टरची आजी

आज गाणं लावू नका. आज मीच बोलणार आहे.

मी एक जपानी कराओके. आकाराने हार्मोनियमच्या पेटीएवढा, रंगाने काळा, दोन्ही अंगांना स्पीकर, समोर हिरव्या अक्षरांची एक छोटी पट्टी आणि गुंडाळ्या-गुंडाळ्यांच्या वायरीचा एक माइक. पट्टी हा माझा डोळा आणि माइक हा कान. गळा मात्र मला नेहमी दुसऱ्याचाच लागतो. तरी इतकी वर्षं मराठी घरात काढल्यावर थोडंफार बोलायला जमतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या पोटातली गाणी पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेली आहेत. ‘क’चं बटण दाबलं की ‘का’ने सुरू होणारी सगळी गाणी पट्टीवर येतात, मग ‘की’ची, ‘कू’ची, ‘के’ची आणि ‘को’ची. माणसाला गाण्याचं नाव अर्धंच आठवत असतं, आणि पोटात दोन पेले गेले की तेवढंही नाही. पहिलं अक्षर तेवढं जिभेवर टिकून राहतं. त्यासाठी ही सोय.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझी खरी ओळख झाली ती जपानमधल्या एका बंदराच्या गावी, एका चिंचोळ्या गल्लीतल्या दारूच्या दुकानात. मालकीणबाई प्रेमळ होत्या, पण उधारीला कडक. गिऱ्हाईक म्हणजे मासेमार, बँकेतले कारकून, आणि बायको सोडून गेलेला एक शाळामास्तर. गिऱ्हाईक जसं, तशी गाणी. धुकं, बंदर, सुटलेली बोट, भरलेला पेला आणि न आलेलं माणूस. लहान मुलांचं म्हणावं असं एक गाणं माझ्याकडे नव्हतं. तेव्हा त्याची गरजही कोणाला पडली नाही.

तिथेच मला तनू भेटली. इंग्लंडमधल्या लेस्टरची मुलगी, आईवडील दोघेही पुण्याहून आलेले डॉक्टर, आणि ही इतक्या लांब त्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेली. शाळेतलेच हिरोकीसर तिला पहिल्यांदा दुकानात घेऊन आले. तिचं जपानी कच्चं होतं, पण आवाज असा की शाळामास्तरांनी पेला खाली ठेवला. पुढे मालकीणबाईंना वय झेपेना. दुकान बंद करताना त्यांनी मला तनूच्या हवाली केलं. २००१ साली मी विमानात बसलो तेव्हा मला वाटलं, चार दिवस पाहुणा म्हणून जाऊन परत येऊ.

लेस्टरला आल्या आल्या माझी तब्येत बिघडली असती. माझा पिंड शंभर व्होल्टचा आणि इंग्लंडच्या भिंतीत त्याच्या दुप्पटीहून जास्त. तनूचे वडील, डॉक्टर शशिधर, प्लग हातात घेऊन थबकले, मागचं बारीक लिखाण चष्मा लावून वाचलं आणि बेलग्रेव्ह रोडवर जाऊन एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. त्या माणसामुळे मी आज बोलतोय.

तनूने माझी बटणं वाचून दाखवली तेव्हा तर ते लहान मुलासारखे हरखले. “अगं उल्का, इकडे ये! अ, क, स, त, न, ह, म, य, र, व! स आणि ह जरा घाईने पुढे घुसलेत, बाकी आपलीच बाराखडी आहे की!”

उल्काताई म्हणजे तनूची आई. हॉस्पिटलात भूल देणाऱ्या मोठ्या डॉक्टर. त्यांनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, “अहो, ते सगळं ठीक आहे. पण हे ठेवायचं कुठे?”

त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये मला मोठ्या कौतुकाने नेलं. अंताक्षरीत कोणी ‘म’वर अडकलं की माझं ‘म’ दाबायचे, मी एखादं बंदरावरचं रडगाणं वाजवायचो आणि सगळे हसायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पण पुढच्या वर्षी कोणीतरी हिंदी गाण्यांचं नवं यंत्र आणलं आणि माझी रवानगी जिन्याखालच्या कपाटात झाली. शेजारी केर ओढणारा हूवर, आकाशकंदिलाचा खोका आणि एक फाटकी छत्री. तनूही तोवर परत जपानला गेली होती. मला मागे ठेवून गेली, कारण सामान जास्त झालं होतं. विमानतळावर वजनात न बसलेल्या वस्तूला काय वाटतं, ते कोणी विचारत नाही.

मग तिचं लग्न ठरलं, हिरोकीसरांशी. लग्न तिकडेच, त्याच गावात. जिन्याखालून मला घरातलं सगळं ऐकू यायचं. शशिधर एकटेच कोट घेऊन निघाले. उल्काताईंनी फोनवर सांगितलं, “अगं, ड्यूटीचा रोटा लागलाय, लीव्ह मिळत नाहीये.” फोटो आले ते त्यांनी सगळ्यांदेखत भराभर चाळले आणि ‘छान आहेत’ म्हणून बाजूला ठेवले. नंतर मात्र हूवर काढायच्या निमित्ताने कपाट उघडायच्या, कपाटातल्या बल्बखाली फोटो धरून उभ्या राहायच्या. हूवर जागेवरच असायचा. एवढ्या धीट बाईला स्वतःच्या मुलीचे फोटो चोरून पाहावे लागत होते, आणि मला हुंदका ऐकूनही गप्प बसावं लागत होतं.

२००३ मध्ये तनूला मुलगी झाली. नाव नीना, दोन्हीकडच्या जिभेला सोपं. फोन आला की तनू रिसीव्हर बाळाच्या तोंडाशी धरायची आणि इकडे उल्काताई नुसता श्वास ऐकत बसायच्या. बाळ बोलायला लागलं ते जपानी. पुढे कॉम्प्युटरवर चेहरा दिसायला लागला, तर नीना पडद्यावर क्षणभर यायची आणि पळून जायची.

“तिच्याशी मराठी बोल ना गं थोडं,” उल्काताई म्हणायच्या.

“आई, माझाच मराठी इतका ब्रोकन आहे, मी काय शिकवणार? तूच ये ना इकडे. कधी येणार?”

“बघू.”

हे ‘बघू’ मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या गाण्यांबरोबर तेही पाठ झालंय.

२००८च्या वसंतात कपाटाचं दार उघडलं आणि यावेळी हात हूवरकडे गेला नाही, माझ्याकडे आला. उल्काताई आता रिटायर झाल्या होत्या. ऑगस्टमध्ये तनू, हिरोकी आणि नीना पहिल्यांदा लेस्टरला येणार होते. पाच वर्षांची नात, तिला ना मराठी येत ना इंग्रजी, आणि आजीला ‘कोन्निचिवा’ या नमस्काराच्या पुढे काही नाही. मला ओल्या फडक्याने पुसताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तिने मला परकी बाई म्हणून पाहिलं ना, तर मला सहन नाही व्हायचं हो.” हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की शशिधरांनी उठून ट्रान्सफॉर्मर आणून जोडला.

शिकणाऱ्यासाठी माझ्यात एक नमुन्याचा आवाज असतो. तो लावून उल्काताई रोज सकाळी माझ्यासमोर बसायच्या. अर्थ कळत नव्हता, अक्षर वाचता येत नव्हतं. कॉलेजात शरीरातली हाडं पाठ केली तशा त्या गाणी पाठ करत होत्या. आणि सुरुवात कुठून करावी? नातीच्या नावापासून. शशिधरांनी पाठ करून दिलेल्या क्रमाने बटणं मोजत त्या ‘न’वर आल्या आणि पट्टीवर ‘नी’ काढला. ‘नी’ची गाणी माझ्याकडे मोजकीच, त्यातलं एक त्यांना फार आवडलं. चाल संथ, अंगाईसारखी.

आता मी काय सांगू! ते गाणं होतं माडीवरच्या खिडकीत बसून खलाशाची वाट पाहणाऱ्या एका दारूवालीचं. ‘पेला भर, उद्या तू दुसरीकडे जाशील’ असा सगळा मामला. बंदरावरचे बाप्ये ते गाऊन ढसाढसा रडत. मी ओरडून सांगितलं असतं, बाई, हे नको. मी आवाजात खरखर केली, एकदा मध्येच बंदही पडलो. शशिधरांनी वायर हलवून मला चालू केलं. उल्काताईंनी ते गाणं इतकं घोटलं की दुकानातल्या मालकीणबाईंनी त्यांना कामावर ठेवलं असतं.

ऑगस्टमध्ये मंडळी आली. नीना दारातच आईच्या मागे लपली. बॉबकट, हातात कापडी ससा, आणि नजर जमिनीवर. उल्काताईंनी साखरफुटाण्यांची वाटी पुढे केली, तिने मान हलवली. मग त्यांनी मला लावलं, माइक हातात घेतला आणि मन लावून ते गाणं म्हटलं. सूर एकही चुकला नाही.

हिरोकी कानापर्यंत लाल झाले. तनू आधी बघत राहिली, मग पोट धरून सोफ्यावर आडवी झाली. “ओ माय गॉड, आई! हा गाणं दारूच्या बारमधला आहे! ती बाई म्हणते, मी तुझी सेकंड वुमन आहे!”

आई का हसतेय ते नीनाला कळेना. अनोळखी घर, अनोळखी बाई, हातात माइक. तिने भोकाड पसरलं आणि ‘घरी जायचं’ म्हणून आकांत मांडला. तेवढं जपानी उल्काताईंनाही कळलं.

“मला काय माहीत,” त्या म्हणाल्या. “चाल तर अंगाईसारखी होती.” त्यांनी माझं बटण बंद केलं आणि आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि मी तर बारमध्ये वाढलेलो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नीना आजीच्या वाऱ्याला उभी राहीना. एका संध्याकाळी मायलेकी चहा घेत बसल्या होत्या. तनू हळूच म्हणाली, “आई, मी तेव्हा तुझ्या हॉस्पिटलला फोन केला होता. लग्नाच्या आधी. मला वाटला, मीच रिक्वेस्ट करेन. त्यांनी सांगितलं, शी हॅज नॉट आस्क्ड फॉर एनी लीव्ह.”

उल्काताईंनी कप खाली ठेवला.  म्हणाल्या, “मला वाटलं, मी आले नाही तर तू थांबशील.”

“मी थांबली नाही.”

“हो ना.”

एवढंच. तनू उठून भांडी विसळायला गेली, आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उल्काताई भेंडी चिरत होत्या. नीना कंटाळून खोलीभर फिरत होती. या घरात पुस्तकं इंग्रजी, देवाच्या पोथ्या मराठी, तिला वाचता येईल असं एकही अक्षर नाही. फिरता फिरता ती माझ्यासमोर थांबली. माझ्या बटणांवरची अक्षरं तिला वाचता येत होती! नुकतीच शिकली होती ती. इवलंसं बोट एकेका बटणावर ठेवत ती मोठ्याने म्हणाली, “आ, का, सा, ता, ना...”

आणि स्वयंपाकघरातून, चिरता चिरता, सवयीने आवाज आला, “हा, मा, या, रा, वा.”

नीना वळली. दाराशी गेली. आजीकडे नीट पाहिलं. मग परीक्षा घेतल्यासारखी म्हणाली, “का की कू?”

“के को,” उल्काताईंनी सुरी खाली ठेवून सांगितलं.

“आई! आजीला येतं!” असं जपानीत ओरडत ती जिन्यावर धावली. त्या घरात तिने ‘आजी’ म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. उल्काताई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि भेंडीच्या चिकट हातांनीच त्यांनी डोळे पुसले.

तिथून खेळ सुरू झाला. जपानी मुलं शब्दांची साखळी खेळतात, ती आपल्या अंताक्षरीची धाकटी बहीणच. मी ‘का’ काढून दिलं की नीना त्यातल्या एखाद्या गाण्याचा पहिला शब्द घ्यायची, शेवटचं अक्षर आजीला, आजीचा मराठी शब्द, त्याचं शेवटचं अक्षर नातीला. पण त्यांच्या खेळात एक जाचक नियम आहे. ज्याचा शब्द ‘न’च्या नुसत्या उच्चारावर संपला तो हरला, खेळ खलास, कारण त्या उच्चाराने जपानीत शब्द सुरूच होत नाही.

“असं कसं?” उल्काताई चवताळल्या. “न म्हणजे काय वाळीत टाकलाय? आमच्याकडे ‘न’वर ढिगाने गाणी आहेत!”

हिरोकींनी पुन्हा समजावलं. नीना हाताची घडी घालून ठाम. शेवटी तह झाला. ‘न’चा नियम नीनाच्या मर्जीप्रमाणे, आणि काना-मात्रा आजीच्या. म्हणजे अक्षर तेवढं घ्यायचं, ‘सू’ आलं तरी ‘सा’ चालेल. तह होऊनही आजी पटापट हरायला लागल्या, कारण मराठीत कान, पान, ऊन, मान, जिकडे पाहावं तिकडे ‘न’च. ऑपरेशन थिएटरात सर्जनलाही गप्प करणारी बाई, पाच वर्षांच्या पोरीकडून हरली की फुरंगटून बसायची. आणि नीना मुठी उंचावून नाचायची.

पण मग त्या सावध झाल्या. साखर, भाकरी, वाटी, सुरी, चाकू. नीना शब्द चोरायची आणि दुसऱ्या डावात तेच आजीवर टाकायची. ऑगस्ट सरता सरता ती वाटी मागताना ‘वाटी’च म्हणायला लागली. आजीच्या मांडीवर बसून खेळायची, कापडी ससा सोफ्यावर एकटा. शशिधर वर्तमानपत्राआडून पंचगिरी करायचे. मीही माझी सगळी रडगाणी उदार मनाने वाटत होतो. त्या महिन्याएवढा सुखी मी बंदरावरही नव्हतो.

निघायचा दिवस आला. बॅगा दारात, टॅक्सी बाहेर, ड्रायव्हर हॉर्न देऊन वैतागलेला. आणि नीना माझ्या अंगावर दोन्ही हात टाकून बसलेली. खेळ चालू आहे, अर्ध्यावर सोडून जाता येत नाही. हिरोकींनी समजावलं, तू ‘न’वर संपणारा शब्द म्हण आणि संपव. ती कशाला हरेल? तनू चिडली, मग रडकुंडीला आली. नीनाचा हिशेब सरळ होता, खेळ संपत नाही तोवर कोणाला विमानात बसावं लागत नाही.

उल्काताई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. गुडघे दुखत होते तरी बसल्या. मागचा शब्द त्यांचाच होता, चाकू. “चल, तुझी पाळी. कू.”

“कुसुरिया,” नीना म्हणाली. म्हणजे औषधाचं दुकान.

य आला. य काही अवघड नाही. यादी आहे, यज्ञ आहे, समोर मी बसलोय ते यंत्र आहे. उल्काताईंना शब्द सुचत नव्हता असं नाही, मला त्यांचा श्वास माइकमधून ऐकू येत होता. त्या खेळत राहिल्या असत्या तर ती पोर उठली नसती. विमान चुकलं असतं, आणखी एक रात्र मिळाली असती. एकदा मुलीला थांबवायला त्यांनी हट्ट केला होता, तसाच आताही करता आला असता. त्यांनी नातीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“येईन,” त्या म्हणाल्या.

नीनाचे डोळे मोठे झाले. तिने शब्द मनात फिरवून पाहिला. मग ताडकन उठली. “न! आजी हरली! आजी हरली!” मराठीत ओरडत, नाचत, बूट उलटसुलट घालून ती टॅक्सीकडे पळाली. शब्दाचा अर्थ तिला कळला नव्हता, जिंकल्याचा आनंद तेवढा होता.

तनूला कळला. ती उंबऱ्यात उभी राहिली. “आई, खरं? तू म्हणतेस ते?”

“एप्रिलमध्ये. तिकीट मी काढते. तू फक्त सासूबाईंना सांग, मी त्यांच्यापुढे गाणं म्हणणार नाही.”

तनू परत आत आली आणि आईला मिठी मारली. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला.

एप्रिल उजाडला, आणि काल उल्काताई जपानला गेल्या. शशिधर त्यांना विमानतळावर सोडून घरी आले आणि कोट न काढताच बराच वेळ माझ्याशेजारी बसून होते. मला न्यायचा विचार झाला होता, पण मी जड, आणि तिकडे माझ्यासारखे पुष्कळ. बंदराचं ते गाव, ती गल्ली, समुद्राचा वास, यातलं काही मला आता मिळायचं नाही. खूप वाटतं हो, एकदा तरी दिसावं. पण जाताना उल्काताईंनी माझा माइक सोडवला आणि स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवला. नीनाने फोनवर ‘आजीचा माइक’ मागितला होता. माझ्याशिवाय तो काही कामाचा नाही, हे त्यांना शशिधरांनी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “असू दे.”

म्हणजे माझा कान आता जपानला चाललाय. इथलं मला काहीच नीट ऐकू येत नाही, सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं. पण उद्या तिकडे ती पोर त्यात तोंड घालून ‘आजी’ म्हणेल, आणि आजी तिच्या शेजारी असेल.

उल्काताई, माझी एकच विनवणी आहे. येताना तो माइक परत आणू नका. कपाटात, उशीखाली, कुठेही मुद्दाम विसरून या. म्हणजे तो आणायला तुम्हाला पुन्हा जावं लागेल.